मोफत डेटावरून देवगिरी-वेरूळचा थ्रीडी नकाशा: देखावा खरा कसा वाटेल

मोफत डेटावरून बनवलेले बहुतेक थ्रीडी नकाशे खोटे दिसतात, आणि त्याचं कारण सहसा डेटा जाडाभरडा असणं हे नसतं. डोंगर एका वर्षीच्या रडारचे, शेतं ऑक्टोबरमधली, तलावाची कड मे महिन्यातली आणि ऊन भलत्याच दिशेचं. असे वेगवेगळे दिवस एकावर एक चिकटवले की डोळ्याला लगेच खटकतं, भले काय खटकलं ते सांगता येवो न येवो. म्हणून पहिलं काम म्हणजे सगळे थर एका दिवसाचे, एका उजेडाचे आणि एका मापाचे करणं. बारकावे त्यानंतर. या लेखात तोच क्रम ठेवला आहे.

उदाहरणासाठी देवगिरी किल्ला, खुलताबाद आणि वेरूळ एकत्र बसतील असा १४ बाय १४ किलोमीटरचा चौकोन घेऊ. लागणारी मुख्य साधनं दोनच, नकाशांच्या कामासाठी क्यूजीआयएस आणि थ्रीडी देखाव्यासाठी ब्लेंडर. दोन्ही मोफत आहेत आणि १६ जीबी रॅमच्या संगणकावर एवढा चौकोन आरामात चालतो.

चौकोन आधी पक्का करा

क्यूजीआयएसमध्ये प्रोजेक्टची निर्देशांक प्रणाली (जागा कोणत्या आकड्यांत मोजायची ते) ईपीएसजी ३२६४३, म्हणजे मीटरमध्ये मोजणारा यूटीएम झोन ४३ उत्तर, अशी ठेवा. जवळजवळ सगळा मराठवाडा या झोनमध्ये येतो. नांदेड जिल्ह्यात किनवटकडे काम असेल तर मात्र थांबून पाहा, कारण ७८ रेखांश ओलांडला की झोन ४४ सुरू होतो. अंश-मिनिटांतला डेटा तसाच ब्लेंडरमध्ये नेऊ नका. आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम एक सेकंद सुमारे २९ मीटरचा आणि दक्षिण-उत्तर एक सेकंद सुमारे ३१ मीटरचा असतो, त्यामुळे डोंगर आडवे फुगतात.

चौकोनाचा पॉलिगॉन बनवून जपून ठेवा आणि प्रत्येक थर त्याच पॉलिगॉनने कापा. त्याच्या नैऋत्य कोपऱ्याचे आकडे वहीत लिहून ठेवा, कारण ब्लेंडरमध्ये नेताना हा कोपरा शून्य धरायचा आहे. इथला यूटीएमचा उत्तरेचा आकडा सुमारे २२ लाख मीटर येतो. ब्लेंडर ३२ बिटचे दशांश वापरतो, आणि एवढ्या मोठ्या आकड्यावर त्याची अचूकता पाव मीटरवर येते. मूळ बिंदू सरकवला नाही तर घरांच्या भिंती वाकड्या होतात आणि कॅमेरा हलताना कडा थरथरतात.

उंचीचा थर

या कामाला युरोपच्या कोपर्निकस उपक्रमाचा ३० मीटरचा (म्हणजे एक पिक्सेल ३० मीटरचा) उंचीचा डेटा, जीएलओ-३०, सर्वांत चांगला. तो २०११ ते २०१५ या काळातल्या रडार मोजणीचा आहे आणि त्यातली उंची दशांशात असते. एसआरटीएम हा दुसरा उंचीचा डेटा फेब्रुवारी २००० चा आहे. त्यात उंची पूर्ण मीटरमध्ये असल्यामुळे सपाट भागात पायऱ्या दिसतात. इस्रोच्या भुवनवर कार्टोडीईएम हा उंचीचा डेटा मिळतो, पण त्याची उंची लंबवर्तुळावरून (पृथ्वीच्या गणिती आकारावरून) मोजलेली असते, समुद्रसपाटीवरून नव्हे. आपल्याकडे या दोन्हींत पन्नास मीटरांहून जास्त फरक पडतो, म्हणून दोन स्रोत शेजारी-शेजारी जोडू नका.

आपल्या चौकोनात एक गंमत आहे. कोपर्निकसचे तुकडे एकेक अंशाचे असतात. देवगिरी २० अक्षांशाच्या किंचित दक्षिणेला आणि वेरूळची लेणी किंचित उत्तरेला, त्यामुळे दोन तुकडे उतरवावे लागतात. दोन्हींचा व्हर्च्युअल रास्टर (पिक्सेलांचं एकत्र जोडलेलं चित्र) करा आणि मगच वार्प करा, म्हणजे यूटीएमच्या मापात बसवा. आधी वेगवेगळे वार्प करून नंतर जोडलेत तर सांध्यावर एका पिक्सेलची भेग पडते. वार्प करताना पिक्सेल १० मीटर आणि रीसॅम्पलिंग (नव्या पिक्सेलांची उंची काढायची पद्धत) क्यूबिक स्प्लाइन ठेवा. याने नवा तपशील येत नाही, पण उन्हात दिसणारे त्रिकोणी पैलू जातात.

ब्लेंडरसाठी निर्यात १६ बिटमध्येच करा. चौकोनातली सर्वांत कमी उंची ० ला आणि सर्वांत जास्त ६५५३५ ला बसवा. उंचीतला फरक ४०० मीटर धरला तर ८ बिटच्या चित्रात एकेक पायरी दीड मीटरहून मोठी येते, १६ बिटमध्ये ती एक सेंटिमीटरही नसते. आपल्याकडे हे जास्त जपायला हवं, कारण दख्खनच्या लाव्हाथरांमुळे इथले डोंगर मुळातच टप्प्याटप्प्याचे आहेत. ८ बिटच्या खोट्या पायऱ्या त्या खऱ्या टप्प्यांत मिसळतात आणि चूक लक्षातच येत नाही. त्याच कारणाने उंचीवर गॉशियन ब्लर मारून डोंगर गुळगुळीत करू नका. गोल डोक्याचे, साबणासारखे डोंगर बालाघाटातही नाहीत आणि वेरूळलाही नाहीत.

ब्लेंडरमध्ये १४,००० मीटरचं प्रतल घ्या, ते १४०० बाय १४०० भागांत तोडा आणि त्यावर चित्रानुसार जमीन वर उचलणारा डिस्प्लेस मॉडिफायर लावा. मिडलेव्हल ०, स्ट्रेंग्थ म्हणजे कमाल वजा किमान उंची, कोऑर्डिनेट्स यूव्ही. उंचीच्या चित्राचा कलरस्पेस नॉन-कलर ठेवा, नाहीतर मधल्या उंच्या दबतात. कडेला अचानक भिंत उभी राहिली तर चित्र रिपीटवर आहे असं समजा. ते एक्स्टेंडवर करा. जमीन अर्धवट गायब दिसली तर कॅमेऱ्याचा क्लिप एंड ५०,००० करा.

अतिशयोक्ती किती? जवळच्या देखाव्याला उंची १ पट, म्हणजे जशी आहे तशी. अख्खा बीड किंवा लातूर जिल्हा दाखवायचा असेल तर १.५ पट चालते. २ च्या वर गेलात की माळरानाचा हिमालय होतो.

देवगिरीचा कडा

देवगिरीचा डोंगर सुमारे २०० मीटर उंच आहे आणि यादवकाळात त्याच्या खालच्या बाजू तासून सुमारे ५० मीटरचा उभा कडा केलेला आहे. किल्ल्याची ओळख तीच. ३० मीटरच्या डेटात हा कडा दोन-तीन पिक्सेलांत पसरतो. ६० मीटरांत ५० मीटर चढ म्हणजे ४० अंशांचा उतार, ज्यावर शेळ्या चरतील. हा कडा हाताने दुरुस्त केल्याशिवाय देवगिरी ओळखूच येत नाही.

त्यासाठी किल्ल्याभोवती १ बाय १ किलोमीटरचा वेगळा तुकडा काढा. कड्याचा माथा आणि पायथा अशा दोन रेघा हव्यात, एकमेकींपासून २ ते ३ मीटर अंतरावर. रेघा एकावर एक आल्या तर एकाच जागी दोन उंच्या होतात आणि जाळं फाटतं. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून भरलेल्या मोफत नकाशात कड्याच्या रेघा नसतील तर आधी तिथेच भरा. त्यांच्या एडिटरमध्ये गिरवायला परवानगी असलेली उपग्रह चित्रं मिळतात. गूगल मॅप्सवरून गिरवू नका, ते नियमात बसत नाही.

पायथ्याच्या रेघेला ६० मीटर बाहेरची आणि माथ्याच्या रेघेला ६० मीटर आतली उंची द्या, मग दोन्हींतला फरक ५० मीटरच्या आसपास आहे का ते पाहा. आतली जमीन वर चढत असल्यामुळे तो जास्त येतो. तेवढं माथ्यातून वजा करा. आता उंचीच्या रास्टरचे बिंदू करा, रेघांपासून ६० मीटरच्या आतले बिंदू पुसा, आणि उरलेले बिंदू व दोन्ही रेघा टीआयएन इंटरपोलेशनला (बिंदू त्रिकोणांनी जोडून मधली उंची काढणाऱ्या साधनाला) द्या. रेघांचा प्रकार ब्रेक लाइन्स निवडा. पिक्सेल २ मीटर पुरेसा. हा तुकडा मूळ जमिनीत बसवताना कडेचे ३० मीटर हळूहळू मिसळा.

यानंतर नवी अडचण दिसेल. वरून घेतलेलं उपग्रह चित्र उभ्या कड्यावर ओघळल्यासारखं ताणलं जातं. मटेरियलमध्ये जिओमेट्रीच्या नॉर्मलचा झेड (पृष्ठभाग किती वर तोंड करून आहे तो आकडा, सपाटीला १ आणि उभ्या कड्याला ०) वाचा. तो ०.७० च्या वर असेल तिथे उपग्रह चित्र, ०.५५ च्या खाली खडकाचं टेक्श्चर, मधल्या पट्ट्यात दोन्हींचं मिश्रण. खडकाचं टेक्श्चर बॉक्स प्रोजेक्शनने (बाजूंनीही चित्र टाकून) लावा, ब्लेंड ०.३. पॉली हेवन या साइटवर असे खडक मोफत आणि बिनशर्त मिळतात. बेसाल्टला काळपट राखाडी, किंचित तांबूस छटा द्या. वाळूखडकाचा पिवळा रंग इथे परका दिसतो.

वेरूळच्या बाबतीत मर्यादा मान्य करावी लागते. कैलास लेण्याचं अंगण सुमारे ८२ बाय ४६ मीटर, म्हणजे या डेटात तीन बाय दीड पिक्सेल. ते डेटातून निघणार नाही. दुरून पाहणाऱ्या नकाशात फक्त लेण्यांची दोन किलोमीटरची कपार नीट उभी करा, जवळून दाखवायचं असेल तर लेण्याचं वेगळं मॉडेल लागेल.

उपग्रह चित्र: तारीख, मग रंग

सेंटिनेल-२ या कोपर्निकसच्या उपग्रहांचं चित्र १० मीटरचं आणि मोफत आहे, कोपर्निकस ब्राउझरवर मिळतं. दोन उपग्रह मिळून पाच दिवसांनी तीच जागा टिपली जाते. मराठवाड्यासाठी ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर हा काळ उत्तम. ढग गेलेले, तलाव भरलेले, तूर-कापूस उभा, डोंगर हिरवे. सोयाबीन निघालेलं असल्यामुळे मधूनमधून काळी मोकळी रानं दिसतात आणि जमीन जिवंत वाटते. मार्चनंतर सगळं करपट होतं. दुष्काळाचा नकाशा करायचा असेल तर तेच हवं, पण मग तलावही आटलेलेच दाखवा. दोन तारखांची चित्रं जोडू नका. मध्ये आठवडा गेला तरी शेतांचे रंग बदलतात आणि शिवण दिसते.

उत्पादन एल२ए (हवेचा परिणाम काढलेलं) घ्या, त्यातले बँड ४, ३ आणि २, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा. तयार ८ बिट रंगीत चित्र सोपं असलं तरी त्यात पत्र्याची छपरं आणि खाणी पांढऱ्याफटक जळालेल्या असतात. मूळ बँडांत १०,००० हा आकडा म्हणजे पूर्ण परावर्तन. जानेवारी २०२२ च्या शेवटापासूनच्या चित्रांत प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात, म्हणून आधी १००० वजा करा आणि मग १०,००० ने भागा. हे विसरलात तर सगळ्या चित्रावर धुकं बसल्यासारखं दिसतं.

आता सर्वांत जास्त फरक पाडणारी गोष्ट. हे परावर्तनाचे आकडे म्हणजेच जवळपास पृष्ठभागाचा मूळ रंग. ते छान दिसावेत म्हणून ताणू नका. ३२ बिट टिफमध्ये जसेच्या तसे ठेवा आणि ब्लेंडरमध्ये लिनिअर म्हणून उघडा. पडद्यावर चित्र काळपट दिसेल, घाबरू नका, ऊन ब्लेंडर देणार आहे. ताणलेलं चित्र लावून त्यावर पुन्हा ऊन टाकलं की उजेड दुप्पट होतो, जंगल पोपटी होतं आणि काळी माती राखेसारखी दिसते. बहुतेक हौशी नकाशे नेमके इथे फसतात.

व्ह्यू ट्रान्सफॉर्मचंही (पडद्यावर रंग कसे उतरतील ते ठरवणाऱ्या सेटिंगचंही) पाहा. ब्लेंडर ४ पासून एजीएक्स आपोआप निवडलेला असतो. तो उन्हाचा झगझगाट छान सांभाळतो, पण रंग थोडे फिके करतो. लूकमध्ये मीडियम हाय कॉन्ट्रास्ट निवडून पाहा.

ऊन एकाच दिशेचं

सेंटिनेल-२ आपल्याकडून सकाळी अकराच्या सुमारास जातो. म्हणजे चित्रात सूर्य आग्नेयेला असतो आणि सावल्या वायव्येला, त्या चित्रातच छापलेल्या असतात. नकाशाची जुनी पद्धत उजेड वायव्येकडून देण्याची. ती इथे लावली तर प्रत्येक टेकडीला दोन्ही बाजूंनी सावली येते. चित्राच्या मेटाडेटात सूर्याचा दिगंश (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन) आणि शिरोबिंदूपासूनचा कोन (९० वजा सूर्याची उंची) दिलेला असतो, तोच वापरा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इथे दिगंश सुमारे १५० आणि सूर्याची उंची सुमारे ४१ अंश असते. ब्लेंडरच्या सन दिव्याला एक्स फिरवणं ९० वजा उंची, म्हणजे ४९, आणि झेड फिरवणं १८० वजा दिगंश, म्हणजे ३०, असं द्या. प्रतलाचा वाय अक्ष उत्तरेकडे असायला हवा. दिव्याचा अँगल ०.५३ अंश ठेवा, म्हणजे सावल्यांच्या कडा खऱ्या उन्हासारख्या मऊ येतात.

वेरूळची कपार पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळच्या चित्रात ती सावलीत काळी असते. कुणाला संध्याकाळच्या सोनेरी उन्हातली लेणी दाखवायचा मोह होतो, पण मग ऊन पडलेल्या कड्यावर काळं चित्र दिसतं. तसं करायचंच असेल तर आधी चित्रातली सावली उतरवा. मेटाडेटातल्याच कोनांनी हिलशेड (उतारांवरच्या ऊन-सावलीचं राखाडी चित्र) बनवा. सूर्य ४१ अंशांवर असताना सपाट जमिनीचं मूल्य सुमारे १६८ येतं. रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये प्रत्येक बँडला (१६८ + के) ने गुणून (हिलशेड + के) ने भागा. के हा आपण ठरवायचा आकडा, तो १०० पासून सुरू करा. उतार उलटे उजळ दिसू लागले तर के वाढवा. एल२ए मध्ये थोडी उताराची दुरुस्ती आधीच केलेली असते, म्हणून नजरेने ठरवणंच बरं. कड्याने जमिनीवर टाकलेली गडद सावली यानेही जात नाही, तिथे खडकाचं किंवा झुडपांचं टेक्श्चर लावावं लागतं.

पाणी

छोट्या तलावांचं पाणी सोपं असतं, नाथसागरासारख्या जलाशयात खरी कसोटी लागते. जायकवाडीची पूर्ण पातळी १५२२ फूट, म्हणजे ४६३.९ मीटर. पण पाणी दरवर्षी आणि दर महिन्याला वेगळ्या जागी असतं, आणि उंचीच्या डेटात मोजणीच्या काळातली पातळी सपाट करून बसवलेली असते. परिणामी निळं पाणी काठाच्या उतारावर चढलेलं दिसतं.

बँड ३ (हिरवा) वजा बँड ८ (जवळचा अवरक्त), भागिले दोन्हींची बेरीज, असं काढा. ० च्या वरचे पिक्सेल म्हणजे पाणी. त्याचा पॉलिगॉन करा, कडेच्या रेघेवर उंचीचे बिंदू घ्या आणि त्यांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) काढा. तीच पाण्याची पातळी. पॉलिगॉनच्या आतली जमीन त्या पातळीच्या २ ते ३ मीटर खाली ढकला आणि वर पाण्याचं सपाट प्रतल ठेवा, रफनेस ०.०५ ते ०.१५. चित्राच्या दिवशी पाणी डेटातल्या सपाटीपेक्षा खाली गेलेलं असेल तर उघडा पडलेला तळ या डेटात नाहीच. भरल्या धरणाची तारीख निवडणं हाच उपाय. गोदावरीत जलपर्णी असेल तर हे सूत्र तिला शेत समजतं. तेवढे तुकडे हाताने पाण्यात घ्या.

गावं आणि शहर

ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्या खेड्यांतली घरं विरळच भरलेली आहेत. गूगलच्या ओपन बिल्डिंग्जमध्ये दक्षिण आशियातल्या घरांचे आराखडे मोफत आहेत. विश्वासांक (हे घरच आहे याची खात्री) ०.७५ च्या खालचे गाळा, नाहीतर कडब्याच्या गंजी आणि शेततळ्यांचे बांधही घरं म्हणून येतात. जुन्या गावठाणात अनेक घरांचा मिळून एकच आराखडा येतो. मोठे तुकडे गल्लीच्या रेघेने कापा.

उंचीसाठी गूगलचाच २०१६ ते २०२३ चा टू-पॉइंट-फाइव्ह-डी डेटा आहे. आराखड्याच्या आतल्या उंचीचा मध्यक घ्या. २.५ मीटरच्या खाली आला तर ३.२ धरा. जिथे काहीच नाही तिथे मजल्याला ३ मीटर. घराचा पाया आराखड्याखालच्या सर्वांत कमी उंचीपेक्षा अर्धा मीटर खाली घ्या, म्हणजे उतारावरची घरं तरंगत नाहीत. आणि लक्षात घ्या, कोपर्निकसच्या डेटात घरांची आणि झाडांची उंची आधीच मिसळलेली आहे. छत्रपती संभाजीनगरच्या दाट वस्तीत त्यामुळे जमिनीला फोड आल्यासारखे दिसतात आणि वर घरं ठेवली की उंची दोनदा मोजली जाते. फॅबडीईएम या उंचीच्या डेटात घरं-झाडं काढलेली आहेत, पण त्याचा परवाना व्यापारी वापराला चालत नाही.

छपरं मात्र आपल्याकडची हवीत. तयार प्लगइन उतरती कौलारू छपरं टाकतात, ती कोकणात शोभतात. मराठवाड्यात जुनं घर माळवदाचं, नवं स्लॅबचं, मधलं पत्र्याचं. तिन्ही जवळपास सपाट. स्लॅबच्या घरांना ०.९ मीटरचा कठडा द्या, जिन्याची खोली आणि पाण्याची टाकी ठेवा. एवढ्या तीन गोष्टींनी ठोकळ्यांचं शहर घरांचं होतं. माळवदाला मातीचा रंग, आणि तो आजूबाजूच्या उपग्रह चित्रातूनच उचला.

झाडं, रस्ते, हवा

मोफत झाडांच्या संग्रहांत पाइन आणि ओक भरपूर. ते टाळा. लिंब, बाभूळ, चिंच अशी गोल किंवा पसरट माथ्याची चार-पाच मॉडेल पुरतात. ती इन्स्टन्स (एकाच मॉडेलच्या हलक्या नकला) म्हणून पेरा, आकार ०.७ ते १.३ पट, दिशा यादृच्छिक. जागा ठरवायला ईएसए वर्ल्डकव्हरचा, म्हणजे जमिनीवर काय आहे ते दाखवणारा, १० मीटरचा थर जंगलासाठी ठीक आहे, पण बांधावरची एकटी झाडं त्यातून सुटतात. त्यांच्यासाठी मेटाचा १ मीटरचा वृक्ष-उंचीचा थर घेऊन ३ मीटरच्या वरचे शेंडे निवडा. पानांच्या रंगात निम्मा वाटा खालच्या उपग्रह चित्राचा मिसळा, म्हणजे झाडं वरून चिकटवलेली दिसत नाहीत.

दुपदरी रस्ता ७ मीटर, एकेरी ३.७५ मीटर. पांदण रस्त्याला डांबराचा काळा रंग देऊ नका, त्याला मातीचाच द्या.

कॅमेरा किती जवळ न्यायचा याचा हिशेब सोपा आहे. १९२० पिक्सेल रुंद चित्रात १९ किलोमीटर रुंदी दिसत असेल तर उपग्रहाचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर बसतो. पाच किलोमीटरच्या खाली गेलात की धूसरपणा उघडा पडतो. त्याहून जवळ जायचं तर मातीचं, गवताचं बारीक राखाडी टेक्श्चर ओव्हरलेने मिसळा. ते राखाडीच हवं, नाहीतर जमिनीचा रंग सरकतो. लेन्स ५० ते ८५ मिलिमीटर ठेवा. रुंद लेन्सने डोंगर खेळण्यातले वाटतात.

दूरच्या जमिनीवर हवेचा पडदा हवाच. मिस्ट पास (ब्लेंडरचा अंतरानुसार धुकं देणारा थर) २ किलोमीटरपासून सुरू करून २० किलोमीटरला जास्तीत जास्त ३५ टक्के मिसळा, रंग क्षितिजाजवळच्या आकाशातून घ्या. पावसाळ्यानंतर तो निळसर पांढरा, एप्रिल-मेमध्ये पिवळट असतो. खूप लांबचा देखावा असेल तर पृथ्वीची गोलाईही धरा. २० किलोमीटरवर जमीन ३१ मीटर खाली जाते, ५० किलोमीटरवर जवळपास २०० मीटर.

नावं आणि श्रेय

गावांची नावं ब्लेंडरच्या टेक्स्टमध्ये थेट लिहिलीत तर वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटतात. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव लिहून त्याचा पाथ करा, एसव्हीजी म्हणून ब्लेंडरमध्ये आणा आणि जमिनीपासून ४० ते ५० मीटर वर, कॅमेऱ्याकडे तोंड करून ठेवा. अक्षरांवर ऊन पडू देऊ नका. स्वतः उजळणारं एमिशन मटेरियल द्या आणि त्यांची सावली बंद करा.

चित्राच्या खालच्या कोपऱ्यात श्रेय द्या: ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते, वर्षासह कोपर्निकस सेंटिनेलचा बदललेला डेटा, कोपर्निकसचा उंचीचा डेटा, गूगल ओपन बिल्डिंग्ज, ईएसए वर्ल्डकव्हर, मेटाचा वृक्ष-उंचीचा थर. शेजारी उपग्रह चित्राची तारीख आणि उंचीची पट लिहा.